चिठ्ठीवरची जादा गोळी कोणाच्या खिशातून जाते?

आजचा विषय आहे डॉक्टरांची चिठ्ठी. अक्षरावर जोक पुरेसे झालेत, आज फक्त हिशोब करूया.

समजा, साधी सर्दी झालीय. नाक गळतंय, अंगात कणकण आहे. बहुतेक वेळा हे व्हायरसचं काम असतं, आणि अँटिबायोटिक व्हायरसवर चालतच नाही. तरी चिठ्ठीवर काय येतं? एक अँटिबायोटिक, सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी, एक ताकदीचं सिरप आणि पॅरासिटामॉल. मेडिकलवाला म्हणतो, चारशे रुपये. यात खरी कामाची कुठली? ती स्वस्तातली पॅरासिटामॉल! वर अँटिबायोटिकने जुलाब लागले तर पुन्हा दवाखाना, पुन्हा फी आणि कामाचा खाडा. रोजंदारीवाल्याला तो खाडा औषधापेक्षा महाग पडतो.

हे दोन-चार घरांपुरतं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात निम्म्याहून जास्त औषधं गरज नसताना किंवा चुकीच्या पद्धतीने लिहिली, दिली वा विकली जातात. आणि भारतात २०२१-२२ मध्ये आरोग्यावरच्या एकूण खर्चातले ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून भरले.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टरांचं काय जातंय? जातं ना! सरकारी दवाखान्यात औषधांचा साठा मोजका असतो. तो सर्दीवर संपला, तर न्यूमोनियाच्या पेशंटच्या हातात बाहेरून आणायची चिठ्ठी पडते. जंतू साध्या औषधाला दाद देईनासे झाले, की महागडी इंजेक्शनं लागतात, खाट जास्त दिवस अडकते. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला टेक्निकल डेट म्हणतो: शॉर्टकट एकजण मारतो, व्याज पुढची टीम भरते. शिवाय १९९५च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात. म्हणजे चुकीची चिठ्ठी डॉक्टरांना कोर्टातही नेऊ शकते.

पण सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारू नका. बाहेर रांग लागलेली असते आणि पेशंटच म्हणतो, "एक इंजेक्शन ठोका ना, उद्या ऑफिस आहे." नुसतं "आराम करा" सांगणारा डॉक्टर आपल्याला बिनकामाचा वाटतो. सरकारने २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू केलं. त्यातल्या औषधांची विक्री मेडिकलवाल्याने वेगळ्या वहीत नोंदवायची असते. पण वहीत नोंद झाली म्हणून औषध गरजेचं होतं असं सिद्ध होत नाही.

मग आपण काय करायचं? तीन प्रश्न विचारायचे, शांतपणे. डॉक्टर, ही गोळी कशासाठी? किती दिवस? यातली एखादी नाही घेतली तर चालेल का? आणि जेनेरिक मिळेल का, हेही विचारा. चांगले डॉक्टर चिडत नाहीत.

फक्त एक लक्षात ठेवा. टीबी, बीपी, शुगरची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. तिथे न घेतलेली गोळीच सगळ्यात महाग पडते.

भेटू पुढच्या भागात!