भाकरी की स्वातंत्र्य? ट्युनिशियाच्या मजूर पक्षाचा धडा



१९८३ च्या अखेरीस ट्युनिशियाच्या सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या आग्रहापुढे मान तुकवून धान्यावरील अनुदान काढून घेतले. पावाची किंमत दुपटीने वाढली. दक्षिणेत उसळलेला उद्रेक ३ जानेवारी १९८४ रोजी राजधानीत पोहोचला. गोळीबारात अनेकांचे बळी गेले; पण तीनच दिवसांत अध्यक्ष बुर्गिबा यांना भाववाढ मागे घ्यावी लागली. बरोबर दोन वर्षांनी, ३ जानेवारी १९८६ रोजी, तेथे कामगारांचा कम्युनिस्ट पक्ष जन्माला आला. जन्मतिथीच त्याची भूमिका सांगून जाते.

पुढील पंचवीस वर्षे हा पक्ष बेकायदा होता. त्याचे नेते हम्मा हम्मामी यांची कित्येक वर्षे तुरुंगात आणि भूमिगत अवस्थेत गेली. २०११ च्या जानेवारीत जनतेने बेन अली यांना देशाबाहेर पळवून लावले, तेव्हा कोठे पक्षाला कायदेशीर मान्यता मिळाली. मात्र त्याच वर्षीच्या संविधानसभेत २१७ पैकी अवघ्या तीन जागा त्याच्या वाट्याला आल्या. त्यागाबद्दलचा आदर आपोआप मतपेटीत उतरत नसतो.

२०१२ मध्ये पक्षाने नावातील 'कम्युनिस्ट' हा शब्द गाळला आणि इतर डाव्यांसह लोकआघाडी उभारली. २०१३ मध्ये आघाडीचे शुक्री बेलईद आणि मुहम्मद ब्राहमी या दोन नेत्यांची हत्या झाली. तरीही २०१४ मध्ये आघाडीने पंधरा जागा जिंकल्या. पुढे नेतृत्वाच्या वादात ती फुटली आणि २०१९ मध्ये एका जागेवर आली. रक्ताने सांधलेली एकजूट अहंकाराने उसवली, याहून कटू धडा कोणता?

खरी कसोटी २५ जुलै २०२१ रोजी लागली. अध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली. महागाई आणि भ्रष्टाचाराने गांजलेल्या लोकांनी रस्त्यांवर जल्लोष केला. काही डावेही त्यात सामील झाले. संसदेत प्रबळ असलेल्या एन्नहदा पक्षाचा मजूर पक्ष कट्टर विरोधक. तरीही त्याने या कृतीला स्वच्छ शब्दांत 'सत्तापालट' म्हटले आणि २०२२ च्या संविधानविषयक सार्वमतावर बहिष्काराची हाक दिली. पुढे निरनिराळ्या पक्षांचे विरोधक गजाआड झाले, तेव्हा या इशाऱ्याचे मोल कळले.

मतांच्या हिशेबात हा पक्ष दुबळाच ठरला. परंतु शत्रूचा गळा आवळणारा हात उद्या कामगाराच्याही गळ्याशी येतो, हे त्याने ओळखले. उपाशी माणसाला स्वातंत्र्य ही चैन वाटू शकते. पण भाकरी महागली म्हणून ओरडण्यासाठीही मोकळा गळा लागतो. १९८४ मध्ये रस्त्यावर उतरलेल्यांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.