सारीपाट आणि तोंडचा हिशेब



सारीपाटाचें नांव काढलें, कीं अनेकांच्या डोळ्यांपुढें हस्तिनापूरची सभा उभी राहते आणि फांशांना हात लावणेंही नकोसें वाटतें. परंतु दोष फांशांचा नव्हे, पैजेचा आहे. वेरूळच्या 21 व्या व 29 व्या लेण्यांत शिवपार्वती फांसे खेळत बसलेलीं कोरलीं आहेत; तेथें कोणी राज्य हरत नाहीं. पैज वगळली, कीं घरच्या मंडळींचा खेळ उरतो, आणि त्यांत तोंडच्या हिशेबाची उत्तम शाळा भरते.

या शाळेची आज गरज आहे. मध्य रेल्वेवर भांडुप व विक्रोळी यांच्या मधोमध असलेल्या कांजूरमार्गाचेंच उदाहरण घ्या. संध्याकाळीं गाडीनें परतलेला बाप, दिवसभर घर सांभाळणारी आजी आणि शाळेंतून आलेलें मूल एका खोलींत जमतात. पण बोलणें बेताचेंच, कारण ज्याचे त्याचे डोळे मोबाइलवर. भाजी 37 रुपयांची झाली आणि पन्नासाची नोट दिली, तर परत किती यावे हें सांगण्यास मूल यंत्र काढतें. वहींत तीच वजाबाकी तें बिनचूक करतें. पूर्वीं पावकी, निमकी, दिडकी घोकून घेत. ती घोकंपट्टी गेली आणि तिच्यासवें तोंडचा हिशेबही मागें पडला.

आतां पट पाहा. मधल्या चौकापासून चार बाहू निघतात. प्रत्येक बाहूंत तीन ओळी, ओळींत आठ घरें. म्हणजे बाहूंत 24 आणि पटावर 96. सोंगट्या 16, चार रंगांच्या. फांसे तीन, लांबट. प्रत्येकाच्या चार बाजूंवर 1, 2, 5 व 6 हे आकडे. सोळाव्या शतकांत अबुल फजलानें ‘ऐने अकबरी’ मध्यें चौपडीचें जें वर्णन केलें, तेंही 16 सोंगट्यांचें व तीन फांशांचेंच आहे.

दान कमींत कमी 3 व जास्तींत जास्त 18 पडतें. सहा, सहा आणि एक मिळून तेरा, हेंच प्रसिद्ध पौबारा. सहा, पांच आणि दोन मिळूनही तेराच. चार डाव खेळलें, कीं हें मुलाचें मुलालाच उमगतें.

बेरीज ही मात्र पहिलीच पायरी. दानांतील आकडे निरनिराळ्या सोंगट्यांना वांटून देतां येतात. 6, 5, 2 पडले, तर अकरा व दोन करावे, आठ व पांच करावे, कीं सात व सहा? प्रतिपक्षाची सोंगटी सात घरें पुढें असेल, तर पांच व दोन जोडून ती मारतां येते. हें ज्याला सुचलें, त्याला संख्येची फोड समजली. सारीपाटाची बहीण जी पच्चिशी, तिच्यापासून इंग्रजांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘ल्यूडो’ बनविला. त्यांत फांसा एकच. म्हणून जोडणें नाहीं आणि वांटणेंही नाहीं.

वडील मंडळींनीं एक पथ्य पाळावें: मुलाचें दान आपण मोजूं नये. तें एकेका घरावर बोट ठेवून मोजत असेल, तर प्रथम मोजूं द्यावें. पुढें सहज विचारावें, “कोपरा पांच घरांवर आहे, दान तेरा आहे, कोपऱ्यापलीकडे किती?” “आठ” म्हणून त्यानें सोंगटी एकदम उचलून ठेवली, कीं बोटाचें काम मनानें घेतलें असें समजावें. चुकल्यास हंसूं नये. हंसण्यानें मूल हिशेबाला भितें, आणि ती भीति पुढें जन्मभर पुरते.

खर्च फारसा नाहीं. पट कापडावर शिवतां येतो. चौकोनी काठीचे तीन सारखे तुकडे करून त्यांवर आकडे लिहिले, कीं फांसे झाले. नियम घरोघरीं निराळे असतात, ते आधीं ठरवावे. आणि पैज लावावयाचीच, तर एवढीच असावी, कीं जो हरेल त्यानें पट गुंडाळून ठेवावा.