सदाफुली : बारा महिन्यांची सोबतीण

सातारकरांना फुलांचे कौतुक नव्याने सांगावयास नको. शहराजवळचे कासचे पठार भाद्रपदाच्या सुमारास असे रंगते की, पश्चिम घाटातील निवडक स्थळांबरोबर २०१२ साली त्याचीही गणना युनेस्कोच्या जागतिक वारशात झाली. परंतु ती शोभा काही आठवड्यांची. दसरा उलटला की कातळ पुन्हा कातळच. घराभोवतालच्या बागेस हा हिशेब परवडत नाही. श्रावणातील तेरडा, दसऱ्याचा झेंडू, थंडीतील शेवंती ही सर्व मंडळी आपापली पाळी संपवून निघून जातात, आणि चैत्र-वैशाखात, ज्या वेळी डोळ्यांना हिरवाईची खरी भूक असते नेमक्या त्याच वेळी, वाफे उघडे पडतात. ही उणीव भरून काढणारे झुडूप इतके सुलभ आहे की, त्याला कोणी मान देत नाही. ते झुडूप म्हणजे सदाफुली.

सदाफुली मूळची येथील नव्हे. तिचे माहेर मादागास्कर बेट. लिनीअस या पंडिताने १७५९ साली तिला शास्त्रीय नाव दिले. कण्हेर आणि रुई ही तिची भावंडे. पान खुडताच निघणारा पांढरा चीक हे त्या कुळाचे लक्षण होय. चकचकीत गर्द पाने, त्यांच्या मधोमध फिकट शीर, पाच पाकळ्यांचे गुलाबी किंवा पांढरे फूल, आणि सुकलेली फुले आपोआप गळून पडत असल्यामुळे सदैव नीटनेटका दिसणारा पोशाख, इतके तिचे वर्णन पुरे. भर दुपारी पाने आत वळलेली दिसली म्हणून घाबरून पाणी ओतू नये. ऊन उतरल्यावर ती पुन्हा पसरतात. सायंकाळीही ती मिटलेलीच राहिली, तर मात्र पाणी द्यावे.

या झाडास दुष्काळ सोसतो, दलदल सोसत नाही; आणि येथेच सातारा व सांगली यांचा मार्ग भिन्न होतो. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरील मुरमाड जमिनीत पाऊस कितीही कोसळला तरी पाणी थांबत नाही. तेथे केवळ पागोळ्यांखालची जागा टाळली की झाले. सांगलीची काळी, चिकण माती मात्र पाणी धरून ठेवते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर चढली, त्यासारख्या पुरापुढे कोणत्याच बागेचा इलाज चालत नाही. परंतु साध्या पावसाळ्यातही तेथे सदाफुलीची मुळे कुजतात, बुंधा काळा पडतो, आणि मालक मात्र पाणी कमी पडले असे समजून आणखी एक घागर ओततो! सांगलीकरांनी वाफा वीतभर तरी उंच करावा, मातीत वाळू व विटांचे तुकडे मिसळावेत, अथवा तळाला मोठे भोक असलेली कुंडी घ्यावी. जागा उन्हाचीच हवी. खताचा हात आखडता ठेवावा. फाजील खताने पाला माजतो व फुले रुसतात.

पावसाळा संपताच शेंडे छाटले म्हणजे झुडूप उंच न वाढता दाट होते. दोन-तीन वर्षांनी खोड लाकडी बनते, तेव्हा नवी रोपे तयार असावीत. जोडीने येणाऱ्या बारीक शेंगा पिवळट होताच तोडून घ्याव्यात. एक-दोन दिवसांचा आळस झाला तर त्या तडकून काळे बी मातीत जाते. हे बी उजेडात रुजण्यास कुरकुरते, म्हणून त्यावर मातीचा पातळ थर द्यावा. एखाद्या झुडपाची पाने अगदी बारीक होऊन फुलेच हिरवी येऊ लागली, तर ती नवलाई समजून जपू नये. तो तुडतुड्यांमार्फत पसरणारा रोग असतो. असे झुडूप मुळासकट उपटावे.

आता एक गंभीर गोष्ट. मधुमेहावर उपाय म्हणून सदाफुलीची पाने-फुले सकाळी चावून खाण्याची प्रथा अनेक घरांत आहे. जमैका बेटातही तिच्या पाल्याचा काढा याच कामी घेत असत. त्याची परीक्षा कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर या संशोधकांनी उंदरांवर केली, तेव्हा रक्तातील साखर उतरली नाही. उतरल्या त्या पांढऱ्या पेशी. त्या शोधातून १९५८ साली व्हिन्ब्लास्टीन हे द्रव्य हाती आले, आणि पुढे अमेरिकेत व्हिन्क्रिस्टीन. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टीन आजही दिले जाते. शेकडो किलो वाळलेल्या पाल्यातून ते जेमतेम ग्रॅमभर निघते, आणि डॉक्टर ते अत्यंत मोजून, शिरेतूनच देतात. ज्या पाल्यात अशी द्रव्ये आहेत तो अंदाजाने चावणे म्हणजे विषाशी खेळ होय. मधुमेह्याने आपल्या वैद्यास विचारल्यावाचून तो तोंडी लावू नये, आणि रांगत्या मुलाच्या हाती लागेल अशा ठिकाणी कुंडी ठेवू नये. शेळ्यासुद्धा या पाल्याला सहसा तोंड लावीत नाहीत. त्यामुळे रस्त्याकडेच्या वाफ्यास कुंपण घातले नाही तरी चालते.