रस्त्याची पकड



मृगाची पहिली सर येते, मातीचा वास सुटतो आणि नेमका तेव्हाच घाटातला रस्ता अतिशय निसरडा झालेला असतो. उन्हाळाभर डांबरावर साचलेली धूळ, गाड्यांतून ठिबकलेले तेल, टायरची झीज यांत थोडे पाणी मिसळले की बुळबुळीत लेप तयार होतो. मोठा पाऊस तो धुऊन नेतो. पहिली भुरभुर मात्र तो नुसता ओला करून ठेवते.

मोटारीचे एकेक चाक रस्त्याला टेकते ते जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. तिथल्या पकडीचे माप म्हणजे घर्षणांक. कोरड्या डांबरावर तो साधारण 0.8 असतो, ओल्या, निसरड्या डांबरावर 0.4पर्यंत उतरतो, बर्फावर 0.1च्या आसपास येतो. ताशी 80 किलोमीटर वेगातली गाडी ब्रेक लागल्यावर कोरड्यात सुमारे 31.5 मीटरमध्ये थांबते. पकड निम्मी झाली की 63 मीटर लागतात.

पकड गेल्याचे कळते ते गाडी घसरल्यावर. ते आधी कळावे, यासाठी मशीन लर्निंग कामी येते. इंजिन गाडी ओढत असताना चाक रस्त्याच्या मानाने किंचित जास्त फिरते. हा फरक एरवी शेकडा एकाहूनही कमी असतो, पण ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणाऱ्या एबीएस यंत्रणेचे सेन्सर चाकांचा वेग सतत मोजतच असतात. त्याला गाडीच्या वेगातली वाढ-घट, हवेचे तापमान, वायपरची हालचाल, कॅमेऱ्यातले चित्र यांची जोड द्यायची. पकड प्रत्यक्ष मोजलेल्या रस्त्यांची असंख्य उदाहरणे पाहून संगणक निसरड्या रस्त्याच्या खुणा ओळखायला शिकतो.

2014 मध्ये व्होल्वोने स्वीडन आणि नॉर्वेच्या रस्ते प्रशासनांसह असा प्रयोग सुरू केला, की एका गाडीला लागलेला बर्फाळ, निसरडा पट्टा मागून येणाऱ्या गाड्यांना आणि रस्ता राखणाऱ्यांनाही कळावा.

पण बर्फावर शिकलेल्या यंत्राला आपला पहिला पाऊस, ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेला चिखल कसा ओळखता येणार? ते आपल्याच रस्त्यांवर मोजायला हवे. एसटी रोज घाट चढते-उतरते. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हे मोजमाप तिच्यापासून सुरू करावे.

तोवर एवढे ध्यानात ठेवा: कोरड्या रस्त्यावर 80च्या वेगाने जितक्या अंतरात थांबता, तितक्यात पहिल्या पावसात थांबायचे असेल, तर काटा 55च्या पुढे जाऊ देऊ नका.