खडक खाली वाहतो, वर तुटतो

आपण सहज म्हणतो, ‘दगडासारखा कठीण’. पण हिमालयाच्या पोटात हाच दगड ताणला जातो, वाकतो, अगदी वाहतो. तेही न वितळता!

पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवा आणि वरून हाताने हळूच ढकला. प्रत्येक पत्ता थोडा थोडा सरकतो, अख्खा कॅट तिरका होतो. खडकांमध्ये असं सरकणं ज्या पट्ट्यात एकवटतं, तो शिअर झोन.

भारताची प्लेट वर्षाला चार-पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतेय. त्यातले साधारण दोन सेंटिमीटर हिमालयाच्या वाट्याला येतात. भारत खाली घुसतो, हिमालय त्याच्यावर चढतो.

आता खोलवर काय होतं? तिथे भयंकर उष्णता. साधारण ३०० अंशांच्या पुढे क्वार्ट्‌झ, म्हणजे आपली गारगोटी, भट्टीतल्या लोखंडासारखी नरम पडते. घनच राहते, पण आकार बदलते. फेल्डस्पार जास्त हट्टी. त्याचे कण डोळ्यांसारखे टिकून राहतात आणि क्वार्ट्‌झच्या फिती त्यांना वळसा घालतात. या खडकाला १८८५ मध्ये चार्ल्स लॅपवर्थ यांनी नाव दिलं मायलोनाइट. ग्रीक शब्द गिरणीवरून आलाय, कारण त्यांना वाटलं खडक दळला गेलाय. आज आपल्याला माहितीये, दळण्यापेक्षा स्फटिकांचं आतल्या आत सरकणं महत्त्वाचं.

हिमालयात मेन सेंट्रल थ्रस्टच्या पट्ट्यात असे खडक दिसतात. दोनेक कोटी वर्षांपूर्वी ते खोलवर ताणले गेले, मग हळूहळू वर आले. ‘डोळ्यां’च्या शेपट्या कुठे वळल्यात ते पाहून कुठली बाजू कुठे सरकली, हे सांगता येतं.

पण वरच्या पंधरा-वीस किलोमीटरमध्ये खडक थंड असतो. तो वाहत नाही, अडकून बसतो. खालचा भाग सरकतच राहतो, ताण वर साठतो. वर्षाला दोन सेंटिमीटर, म्हणजे शंभर वर्षांत दोन मीटर. मग एक दिवस सगळी थकबाकी एकदम. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये तेच झालं. ७.८ तीव्रतेचा भूकंप, सुमारे नऊ हजार मृत्यू. काठमांडूची जमीन काही सेकंदांत जवळपास एक मीटर वर उचलली गेली.

पश्चिम नेपाळमध्ये १५०५ नंतर महाभूकंपाची नोंद नाही. पाचशे वर्षांचा हिशेब तुम्हीच करा.

म्हणून डोंगर शांत आहे याचा अर्थ ताण नाही असा होत नाही. तारीख कुणीच सांगू शकत नाही. पण भूकंपात टिकेल असं घर, अशी शाळा मात्र आजच बांधता येते. भेटू पुढच्या भागात!