भावाभावांची वाटणी

मंडळी, भावाभावांचे भांडण बांधावरून सुरू होते आणि कोर्टात जाते. आपल्याला वाटते, हे गरिबाच्याच घरी होते. तसे नाही. राजाच्या घरीही झाले.

शहाजीराजे १६६४ साली वारले. कर्नाटकातली त्यांची जहागीर धाकट्या व्यंकोजीराजांकडे राहिली. पुढे व्यंकोजींनी तंजावर स्वतः जिंकले. १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिणेत गेले. सावत्र भावांची भेट झाली. महाराजांनी वडिलांच्या दौलतीत निम्मा वाटा मागितला. व्यंकोजींच्या मनात द्यायचे नव्हते. एका रात्री ते न सांगताच निघून गेले. मग महाराजांच्या फौजेशी लढले आणि हरले.

आता काय? जिंकला त्याने सगळेच घ्यावे? महाराजांनी तसे केले नाही. तह केला. तंजावर व्यंकोजींकडेच राहिले. बंगळूरकडचा मुलूख महाराजांनी भावजय दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला.

यातून आपण काय घ्यावे? वडिलांचे ते सगळ्या भावंडांचे. स्वतःच्या कष्टाचे ते ज्याचे त्याचे. वाटणीला बसाल तेव्हा दोन्ही वेगवेगळे लिहून काढा. आता आपल्याला वाचता येते. कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही.

आणि बहिणीला विसरू नका. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या कायद्याने मुलीलाही मुलाइतकाच वाटा आहे. ती चोळीबांगडी नव्हे, तो तिचा हक्क आहे.