कापसाच्या गाठी आणि फोर्कलिफ्ट

हिंगणघाट, पुलगाव भागातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये दाबून बांधलेल्या रुईची एक गाठ साधारण 170 किलोची असते. गोदामात अशा गाठी रचायला फोर्कलिफ्ट लागते. या गाडीची मागची चाके वळतात. त्यामुळे वळणावर तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि शेजारी उभा असलेला हमाल नेमका तिथेच सापडतो. गाडीचा तोल पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्य यांच्या त्रिकोणात टिकतो. ओझे उंच ठेवून वळले, की गाडी आणि ओझे यांचा एकत्रित गुरुत्वमध्य त्रिकोणाबाहेर जाऊन गाडी कलंडू शकते. म्हणून चालताना काटे जमिनीपासून वीतभरच वर, मास्ट (काटे वर-खाली नेणारा उभा सांगाडा) किंचित मागे झुकलेला. उतारावर ओझे कायम चढाच्या बाजूला. म्हणजे भरलेली गाडी उतरते ती रिव्हर्समध्ये. सपाटीवर गाठींमुळे समोरचे दिसत नसेल, तरीही रिव्हर्सच. गाडी कलंडू लागली की उडी मारावीशी वाटते, आणि तेच सर्वांत घातक. पट्टा बांधून आत घट्ट धरून बसलेला चालक बहुधा वाचतो. कापसाच्या गोदामात आणखी एक भय आगीचे. तापलेल्या सायलेन्सरवर साचलेली रुई पेट घेऊ शकते, त्यामुळे इंजिनाची सफाई दर पाळीला करावी लागते.